लष्करातील गैरवर्तन : दाद मागण्याची वाट आणि अपुऱ्या सुधारणा

चोर्ला किंवा अनमोड घाट चढून गोव्याहून बेळगावात जाणाऱ्याला कॅम्प भागातील जुन्या बंगल्यांतून आणि कवायतीच्या मैदानांवरून या शहराचे लष्करी रूप सहज दिसते. मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते आणि तिचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. सांबऱ्याला हवाई दलाची एअरमन प्रशिक्षण शाळा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात आणि पलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, शिरोळ तालुक्यांत फौजेत माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच ‘सैनिक टाकळी’ असे रूढ झाले आहे. गोव्यातील तरुणांची लष्करभरती कोल्हापूरच्या भरती कार्यालयामार्फत होत असल्याने हा सारा पट्टा गोमंतकीयांनाही परका नाही.

या भागात शौर्याच्या, हौतात्म्याच्या आणि निवृत्तिवेतनाच्या गोष्टी मोकळेपणी बोलल्या जातात. वरिष्ठाने केलेली शिवीगाळ, मारहाण, खासगी कामाला जुंपणे, महिला सहकाऱ्याशी असभ्य वर्तन, तक्रार केल्याबद्दल उगवलेला सूड, यांविषयी मात्र घरातही फारसे बोलले जात नाही. सुट्टीवर आलेला मुलगा गप्प राहतो आणि आईवडीलही ‘नोकरी सांभाळ’ एवढेच सांगतात. लष्कर हे देशाच्या संरक्षणाचे साधन आहे, तसेच ते लाखो माणसांचे कामाचे ठिकाणही आहे. तेथे अन्याय झाल्यास कायद्याने कोणता मार्ग दिला आहे, तो कोठे अडतो आणि त्यात काय बदलले, याची ही माहिती.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २१ मध्ये त्या मर्यादांचा आधार आहे. कामगार संघटना काढणे, राजकीय कार्यात भाग घेणे, परवानगीवाचून वृत्तपत्रांशी बोलणे यांना लष्कर नियम, १९५४ मधील १९ ते २१ या नियमांनी मज्जाव केला आहे. कारखान्यातला कामगार युनियनकडे जाईल, सरकारी कारकून पत्रकाराला गाठेल. शिपायाला या दोन्ही वाटा बंद आहेत. त्यामुळे दलाच्या आतील तक्रारव्यवस्था हीच त्याची पहिली आणि बराच काळ एकमेव वाट असते, आणि म्हणूनच ती चोख असणे इतर कोणत्याही नोकरीपेक्षा येथे अधिक गरजेचे ठरते.

या व्यवस्थेचा पाया लष्कर अधिनियमाचे कलम २६ हा आहे. अधिकारी नसलेल्या कोणाही लष्करी व्यक्तीला वरिष्ठाकडून आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यास ती आपल्या कंपनीच्या प्रमुखाकडे तक्रार करू शकते. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याच विरुद्ध ती असेल, तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येते. तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करून दाद द्यावी किंवा प्रकरण वर पाठवावे, असे बंधन आहे. ही साखळी लष्करप्रमुखांपर्यंत जाते आणि त्यांचा निर्णय बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ मध्ये अशीच तरतूद आहे. सांबऱ्याच्या प्रशिक्षणार्थींना हवाई दल अधिनियम, १९५० आणि दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’वरील नौसैनिकांना नौदल अधिनियम, १९५७ लागू होतो; त्यांतही अशा तरतुदी आहेत.

तक्रार प्रत्येकाने आपापली करायची असते. चार जणांनी मिळून एका कागदावर सह्या केल्या की तक्रारीला सामूहिक बेशिस्तीचा वास येऊ लागतो, आणि लष्करी कायद्यात ती पायरी फार धोक्याची आहे. निवृत्त सुभेदार मंडळी नव्या पोरांना हाच सल्ला सर्वांत आधी देतात, आणि तो बरोबर आहे.

हाताखालच्या माणसाला मारहाण करणे किंवा अन्य प्रकारे छळणे हा कलम ४७ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. अधिकारी असो, जेसीओ असो वा हवालदार, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अधिकारी, जेसीओ आणि वॉरंट ऑफिसर यांच्या पदाला न शोभणाऱ्या वर्तनासाठी कलम ४५ आहे. उलट दिशेने पाहिले तर वरिष्ठावर हात उगारणाऱ्याला कलम ४० खाली चौदा वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. शिस्तीवर उभ्या असलेल्या संस्थेत हा फरक समजण्यासारखा आहे; पण कायद्याचा तराजू मुळातच कोणत्या बाजूला कललेला आहे, हेही त्यातून कळते. शिवाय कलम ५६ नुसार, खोटे आहे हे ठाऊक असून तक्रारीत कोणाच्या चारित्र्यावर आरोप केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बराकीत त्या एकच मानल्या जातात, म्हणून हे कलम प्रत्यक्ष वापरले न जाताही आपले काम करते.

रणजित ठाकूर यांचे प्रकरण

कागदावरचा मार्ग व्यवहारात कसा वळतो, हे १९८७ च्या एका निकालातून नेमके कळते. सिग्नलमन रणजित ठाकूर यांनी एका वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची तक्रार ठरलेली पायरी सोडून थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. त्याबद्दल त्यांना २८ दिवसांची सक्तमजुरी मिळाली. ती भोगत असताना मार्च १९८५ मध्ये त्यांना जेवणाचा हुकूम झाला आणि त्यांनी जेवण नाकारले. हुकूम मोडल्याच्या आरोपावरून समरी कोर्ट मार्शल बसले. एक वर्षाची कैद आणि बडतर्फी अशी शिक्षा झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध मूळ तक्रार होती, तोच त्या कोर्ट मार्शलमध्ये सहभागी होता.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९८७ मध्ये ही कारवाई रद्द केली. आपला न्याय करणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल काही हरकत आहे का, हे आरोपीला विचारण्याची कलम १३० ची अट पाळली गेली नव्हती. पक्षपाताची रास्त शंका होती आणि शिक्षा कृत्याच्या मानाने अतिशय कठोर होती. हा निकाल आज देशभरातील प्रशासकीय कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो, तो शिक्षेच्या प्रमाणाच्या तत्त्वासाठी. सीमाभागातल्या शिपायासाठी त्यातला मुद्दा याहून साधा आहे : छळाची तक्रार करणारा माणूस दोन पावलांत स्वतःच आरोपी झाला, आणि त्याला न्याय मिळाला तो लष्कराबाहेर.

समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो आणि तो लेफ्टनंट कर्नल वा त्याहून वरचा असल्यास एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. हे साधन ताबडतोब कारवाईची गरज असेल अशा अपवादात्मक प्रसंगीच वापरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने विश्व प्रिया सिंह खटल्यात २०१६ मध्ये पुन्हा बजावले.

तलवारपासून सहायकापर्यंत

तक्रार दाबली की काय होते याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच किनाऱ्यावर घडलेला आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘एचएमआयएस तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन शाळेत कमांडर किंग या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अर्वाच्य भाषेविरुद्ध काही नौसैनिकांनी रीतसर तक्रार केली. तिची दखल घेण्याऐवजी खोट्या तक्रारीच्या परिणामांची ताकीद त्यांनाच मिळाली. निकृष्ट जेवणाचे गाऱ्हाणे आधीपासून होतेच. १८ फेब्रुवारीला संप सुरू झाला आणि बघता बघता सुमारे २०,००० नौसैनिक त्यात ओढले गेले. आपण त्याला स्वातंत्र्यलढ्यातील नाविकांचे बंड म्हणून ओळखतो, ते योग्यच. पण त्याची पहिली ठिणगी वरिष्ठाच्या तोंडच्या शिव्यांची आणि न ऐकलेल्या अर्जांची होती.

स्वतंत्र भारतात हे गाऱ्हाणे ‘सहायक’ पद्धतीच्या रूपाने शिल्लक राहिले. अधिकाऱ्याचा गणवेश, शस्त्रे, कामाची तयारी पाहणे आणि युद्धात त्याच्या सोबत असणे हे सहायकाचे अधिकृत काम. कुत्रे फिरवणे, भाजी आणणे, मुलांना शाळेत सोडणे हे त्यात बसत नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्ये ही पद्धत जवानाच्या स्वाभिमानाला कमीपणा आणणारी असल्याचे सांगून ती बंद करण्याची शिफारस केली. नौदल आणि हवाई दल अशा पद्धतीवाचून चालतात, हाही मुद्दा पुढे आला. जवानांना घरगुती कामाला लावू नये अशा सूचना असल्याचे सरकार सांगत आले. पद्धत मात्र टिकली. जानेवारी २०१७ मध्ये जवानांनी समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रफितींनी खळबळ उडाल्यावर तत्कालीन लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी मुख्यालयांत तक्रारपेट्या ठेवण्याची घोषणा केली, आणि थेट तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप क्रमांकही देण्यात आला. पेटीत पडलेल्या चिठ्ठीचे पुढे काय झाले हे बाहेरच्या कोणी तपासायचे, याची सोय त्या घोषणेत नव्हती.

महिलांचा प्रवेश आणि नवे प्रश्न

वैद्यकीय व परिचर्या सेवांपलीकडच्या शाखांत १९९२ पासून महिला अधिकारी घेतल्या जाऊ लागल्या. बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांना स्थायी नियुक्तीचा हक्क दिला. शिपाई पदावर महिला घेण्याची सुरुवात मात्र बेळगावशी जोडलेली आहे. लष्करी पोलीस दलातील महिलांच्या पहिल्या १०० जागांसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावात भरती मेळावा झाला. बंगळूरच्या केंद्रात प्रशिक्षण पूर्ण करून ८३ महिलांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये सेवेत आली. महिलांसंबंधीच्या गुन्ह्यांच्या तपासात लष्करी पोलिसांना महिला जवानांची मदत व्हावी, हा या भरतीचा एक हेतू होता. सांबऱ्याच्या शाळेतून महिला अग्निवीरवायूंची पहिली तुकडी २०२३ च्या डिसेंबरात बाहेर पडली.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ सशस्त्र दलांना वगळत नाही. त्यानुसार अंतर्गत समितीची अध्यक्ष महिला असते, निम्म्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते; सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायची असते. ती चालू असताना तक्रारदार महिलेला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. समितीने दोष दाखवला तरी शिक्षा लष्करी कायद्यानेच व्हायची, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आरोपांची सुनावणी, पुराव्यांचे संकलन आणि मग कोर्ट मार्शल. ज्याच्या चारित्र्याचा प्रश्न आहे त्याला कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पूर्णवेळ हजर राहण्याचा आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क लष्कर नियम १८० देतो. हा हक्क न्याय्य आहे. पण तक्रारदार महिलेला तीच हकिकत पुन्हा पुन्हा, गणवेशातील पुरुषांसमोर सांगावी लागते, याचा विचार या नियमांच्या कर्त्यांनी १९५४ मध्ये केलेला असणे शक्यच नव्हते.

कारवाई होतच नाही असे नाही. कॅप्टन दर्जाच्या महिला अधिकाऱ्याशी गैरवर्तन केल्याच्या प्रकरणात एका मेजर जनरलला बडतर्फ करण्याची शिफारस जनरल कोर्ट मार्शलने डिसेंबर २०१८ मध्ये केली आणि पुढच्या वर्षी लष्करप्रमुखांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. एवढ्या वरच्या पदापर्यंत हात पोहोचला ही गोष्ट लहान नाही.

दुसरे उदाहरण २०२१ चे, कोईम्बतूरचे. हवाई दलाच्या महाविद्यालयातील महिला अधिकाऱ्याने सहकारी अधिकाऱ्यावर बलात्काराचा आरोप केला आणि पोलिसांनी त्याला अटक केली. वैद्यकीय तपासणीत आपल्यावर बंदी असलेली ‘टू फिंगर’ चाचणी झाल्याचे तिने सांगितल्यावर राष्ट्रीय महिला आयोगाने तीव्र नाराजी व्यक्त केली. पुढे न्यायालयाने आरोपीला कोर्ट मार्शलसाठी हवाई दलाच्या स्वाधीन केले. येथे कायद्यातील एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. पीडित व्यक्ती लष्करी कायद्याच्या कक्षेबाहेरची असेल, तर खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे गुन्हे सामान्यतः नागरी न्यायालयातच चालतात. प्रत्यक्ष मोहीम, परदेश किंवा सीमा चौकी हे अपवाद आहेत. दोघेही गणवेशात असतील तर दोन्ही न्यायालयांना अधिकार असतो आणि कोर्ट मार्शल करायचे की नाही हे ठरवण्याचा पहिला अधिकार सेनाधिकाऱ्याकडे जातो. म्हणजे छावणीत काम करणारी मोलकरीण आणि छावणीतील महिला कॅप्टन यांच्यावर सारखाच अत्याचार झाला, तरी दोघींच्या वाटा वेगळ्या.

नेमक्या याच जागी इतर देशांनी बदल केले आहेत. अमेरिकेत लैंगिक अत्याचारासारख्या गंभीर गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीपासून कमांडरऐवजी स्वतंत्र लष्करी अभियोक्ते घेतात. कॅनडात माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांच्या मे २०२२ च्या अहवालाने असे गुन्हे लष्कराकडून काढून नागरी न्यायालयांकडे सोपवण्याची शिफारस केली. जर्मनीत तर संसदेने नेमलेला आयुक्त १९५० च्या दशकापासून आहे आणि कोणताही सैनिक पायऱ्या न चढता त्याला थेट पत्र लिहू शकतो. यांपैकी एकाही देशाची शिस्त त्यामुळे ढासळल्याचे दिसलेले नाही. भारतात असा आयुक्त नेमण्यास घटनेची कोणतीही आडकाठी नाही, इच्छेची आहे.

अग्निवीरांचा पेच

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला नवी धार आली. २०२३ च्या आरंभापासून बेळगावच्या केंद्रात अग्निवीर प्रशिक्षण घेत आहेत. ते लष्कर अधिनियमाखालीच भरती होतात, म्हणून कलम २६ चा हक्क त्यांनाही आहे. परंतु चार वर्षांनी त्यांच्यातील २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात आणि निवडीत वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनाचा वाटा असतो. खानापूरच्या वा चंदगडच्या शेतकरी घरातला विशीचा मुलगा ही चार वर्षे ज्या वरिष्ठांच्या शेऱ्यांवर अवलंबून असतो, त्यांच्याच विरुद्ध तो लेखी अर्ज देईल, ही अपेक्षा मोठी आहे. कायम जवानाला निदान निवृत्तिवेतनाची वर्षे मोजत तग धरता येत असे. अग्निवीरांच्या तक्रारी, त्या केल्यानंतरचे मूल्यमापन आणि कायम होण्याचा निर्णय यांची सांगड कोणी स्वतंत्रपणे तपासणार असेल, तरच त्या हक्काला अर्थ राहील.

सीमेच्या दोन बाजूंची दोन न्यायाधिकरणे

सैन्याबाहेरची पहिली पायरी म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या अधिनियमाने ते स्थापन झाले आणि ऑगस्ट २००९ पासून काम करू लागले. आतील उपाय संपल्यावरच तेथे जाता येते. मात्र तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर उपाय संपले असे धरले जाते. निर्णय आल्यास त्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जाची पोच आणि तारखा जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. बदली आणि रजा हे विषय न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. तक्रार केल्याची शिक्षा म्हणून सर्वाधिक वापरले जाणारे साधन बदली हेच असते, हे पाहता ही तरतूद फार बोचरी आहे. समरी कोर्ट मार्शलच्या शिक्षाही बडतर्फी वा तीन महिन्यांहून अधिक कैद असेल तरच तेथे नेता येतात. न्यायाधिकरणाच्या निकालांवर उच्च न्यायालयात दाद मागता येईल का, यावर २०१५ च्या निकालाने पडदा पडल्यासारखे झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तो मार्ग पुन्हा मोकळा केला.

आता सीमाभागाची खास अडचण. सेवेत असलेला माणूस साधारणपणे नेमणुकीच्या किंवा घटनेच्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जातो, निवृत्त माणसाला राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येते. कर्नाटक कोची खंडपीठाखाली येते; महाराष्ट्र आणि गोवा मुंबईखाली. त्यामुळे निपाणीत राहणाऱ्या माजी सैनिकाला केरळ गाठावे लागते आणि काही मैलांवर कागल किंवा गडहिंग्लजला राहणाऱ्या त्याच्याच पलटणीतल्या सोबत्याला मुंबई. बेळगावच्या माणसाला राज्य सरकारच्या कचेरीत कन्नड, लष्कराच्या पत्रव्यवहारात हिंदी-इंग्रजी आणि घरात मराठी, अशा तीन भाषांतून एकच अर्ज पुढे न्यावा लागतो. सीमाप्रश्नाच्या चर्चेत ही बाब कधी येत नाही.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. बेळगावजवळ हलभावीला भारत-तिबेट सीमा पोलिसांचे केंद्र आहे आणि खानापूर तालुक्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ‘कोब्रा’ची जंगलयुद्ध शाळा. ही दले गृहमंत्रालयाखाली येतात. त्यांना लष्कर अधिनियम आणि हे न्यायाधिकरण लागू नाही. या भागातील घटनांबाबत त्यांच्या जवानांना उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाची वाट आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरील तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली असले, तरी त्याचा १९७८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तेही न्यायाधिकरणाच्या कक्षेत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘वीर परिवार सहायता योजने’ची माहिती घ्यावी. सेवेतील जवान, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सहाय्य कक्ष उघडण्याची ही योजना आहे. गोव्यातील कुटुंबांनी त्यासाठी पणजीचे सैनिक कल्याण कार्यालय गाठावे, बेळगाव, कोल्हापूरकडच्यांनी आपापल्या जिल्ह्याचे. जाताना सेवा क्रमांक, युनिटचे नाव, तक्रारीची प्रत, ती दिल्याची तारीख व पोच आणि मारहाण झाली असल्यास लष्करी रुग्णालयातील नोंदीची प्रत सोबत न्यावी.